शर्यतीचा ट्रक आणि आमच्या अण्णाचा ब्रेक

मंडळी, फळ्यावर काही चुकीचं लिहिलं गेलं आणि ते लगेच लक्षात आलं, तर डस्टर फिरवून दुरुस्त करता येतं. पण मुलं शाळा सोडून गेली, त्यांची लग्नं झाली, त्यांची मुलं कॉलेजात गेली आणि मग आपली चूक लक्षात आली तर काय करायचं, हे बी.एड.ला कुणी शिकवत नाही. हा लेख म्हणजे अशीच एक उशिराची दुरुस्ती आहे. विषय ट्रकच्या ब्रेकचा आहे. इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तराने ब्रेकवर लिहावं याचं काहींना हसू येईल. पण शेवटपर्यंत वाचा, अशी विनंती.

आठवीला सह्याद्रीचे घाट शिकवताना मी बरीच वर्षं एक गोष्ट सांगत असे. बोरघाट उतरणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरची. चार लिटर डिझेल वाचवण्यासाठी त्याने उतारावर गाडी न्यूट्रल केली, गाडी सुसाट सुटली, ब्रेक लागेनात, आणि मालाचं, गाडीचं आणि स्वतःचं वाटोळं झालं. गोष्ट संपली की मी विचारायचो, "यातून आपण काय शिकलो?" मुलं एका सुरात म्हणायची, "लोभ वाईट!" मी समाधानाने पुढच्या घाटाकडे वळायचो.

तो ड्रायव्हर माझा सख्खा थोरला भाऊ होता, हे मी वर्गात कधीही सांगितलं नाही.

अण्णा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. सातवीनंतर त्याची शाळा सुटली, कारण घरात एकाच्याच शिक्षणाचा खर्च झेपणार होता आणि वडिलांनी तो माझ्या नावावर लिहिला. अण्णा पंधराव्या वर्षी क्लीनर झाला. चाकं धुणं, ग्रीस भरणं, दोर आवळणं, चालू गाडीत रात्रभर जागून उस्तादाला झोप लागू न देणं, असं करत करत तो ड्रायव्हर झाला. माझ्या कॉलेजची फी ज्या नोटांतून भरली जायची, त्यांना डिझेलचा वास असायचा. सुट्टीत मी कधी कधी त्याच्याबरोबर जायचो. घाटाच्या तोंडाशी तो गाडी थांबवायचा, खाली उतरून चाकांवर हात फिरवायचा, आणि म्हणायचा, "ज्या गिअरने चढायचं, त्याच गिअरने उतरायचं." सीटमागे पाण्याचा एक पत्र्याचा डबा असायचा. घाट उतरल्यावर चाकांमधून करपल्याचा वास यायचा. मी एकदा तो डबा उचलून चाकावर पाणी ओतायला निघालो, तर अण्णा ओरडला, "थांब! तापल्या तव्यावर पाणी टाकलंस तर तवा तडकतो. आधी श्वास घेऊ दे तिला."

१९७८ च्या मे महिन्यात गुळाच्या ढेपा भरून मुंबईला जाताना बोरघाटात त्याची गाडी सुटली. त्याने ती दरीकडे जाऊ न देता डोंगराच्या अंगाला घासत नेली. त्यामुळे समोरून येणारी वाहनं वाचली, क्लीनर पोरगा वाचला, अण्णाही वाचला. पण त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून कायमचा अधू झाला. मालकाने सांगितलं की ड्रायव्हरने न्यूट्रल केली होती, ब्रेक ठणठणीत होते. अण्णा एवढंच म्हणत राहिला, "पाय पूर्ण दाबला होता रे. पेडल खाली जात होतं, पण गाडी ऐकत नव्हती. वास येत होता." ब्रेक ठणठणीत आहे, पाय दाबलेला आहे आणि तरी गाडी थांबत नाही, हे कसं शक्य आहे? वडिलांना पटलं नाही. मला तर मुळीच पटलं नाही. मी बी.ए. झालेला, नुकताच कायम झालेला मास्तर. मला वाटलं, मालक खोटं कशाला बोलेल?

अण्णाने पुन्हा स्टिअरिंग धरलं नाही. गावात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेच शेवटपर्यंत चालवलं. २००९ साली तो गेला.

आता मुख्य विषयाकडे येतो.

२०१६ च्या मार्चमध्ये अण्णाचा मुलगा मला दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला घेऊन गेला. हा माझा पुतण्या ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून चाकणकडे एका कारखान्यात ब्रेकच्या चाचण्या घेण्याचं काम करतो. तिथल्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर ट्रकची शर्यत होती. हो, ट्रकचीच! ज्या रस्त्यावर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या गाड्या धावल्या, त्याच रस्त्यावर टाटांचे प्राइमा ट्रक पळणार होते. २०१४ साली या शर्यती सुरू झाल्या तेव्हा चालक परदेशातून आणलेले होते. २०१६ साली पहिल्यांदा आपले भारतीय ट्रकचालक उतरले. रोज माल वाहणाऱ्या चालकांमधून निवडून, शिकवून तयार केलेली ही माणसं होती. (ही शर्यत २०१७ पर्यंत चार वर्षं झाली.)

मी स्टँडमध्ये बसून बघत होतो. अंगात शर्यतीचा एकसंध पोशाख, हातात हेल्मेट, आणि चालण्याची ढब मात्र थेट ढाब्यासमोर गाडी लावून उतरणाऱ्या ड्रायव्हरची. लोक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होते. ट्रक ड्रायव्हरसाठी टाळ्या वाजताना मी आयुष्यात प्रथमच ऐकल्या. पुतण्या काही बोलला नाही, पण त्याच्याही डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मी त्याला विचारलं, "अरे, हे ट्रक रस्त्यावरचेच ना? मग यांत बदल काय केलेत?" तो म्हणाला, "काका, ब्रिटिश ट्रक रेसिंग असोसिएशनच्या सूचनांप्रमाणे वीस-बावीस बदल केलेत. सीट वेगळी, डिझेलच्या टाकीला संरक्षण, प्रोपेलर शाफ्टला संरक्षण. पण मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचे दोनच. ब्रेकचे लायनर बदललेत, आणि ब्रेक थंड करायची व्यवस्था केलीय."

"ब्रेक थंड कशाला करायचा?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "काका, बाबांनी तुम्हाला कधी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

परतीच्या गाडीत त्याने मला वहीच्या पानांवर चित्रं काढून ब्रेक शिकवला. पुढे घरी आल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे या विषयाचा इतिहास धुंडाळला. त्यातलं जे मला समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

ट्रकच्या शर्यतींचा उगम अमेरिकेतला. १७ जून १९७९ रोजी अटलांटाच्या मोटर स्पीडवेवर 'बॉबटेल २००' नावाची शर्यत झाली. बॉबटेल म्हणजे शेपूट तोडलेलं जनावर. ट्रेलर न जोडता नुसतं पुढचं धूड पळवायचं, म्हणून हे नाव. १९८४ साली इंग्लंडमध्ये डॉनिंग्टन पार्कला मोठी शर्यत झाली आणि १९८५ पासून युरोपची अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. सुरुवातीचे ट्रक जवळजवळ रस्त्यावरचेच होते, चालकही बरेचसे रोजच्या धंद्यातले. आजचा युरोपातला शर्यतीचा ट्रक मात्र वेगळाच प्राणी आहे. इंजिन हजार अश्वशक्तीच्या वर, वजन किमान ५३०० किलो, आणि वेगाची मर्यादा ताशी १६० किलोमीटर. ही मर्यादा नियमानेच घातलेली आहे, ओलांडली तर दंड.

आता गंमत बघा. वेगाला सगळ्यांना सारखीच मर्यादा असेल, तर सरळ रस्त्यावर कुणी कुणाच्या फार पुढे जाऊ शकत नाही. मग शर्यत जिंकायची कुठे? वळणावर. जो उशिरात उशिरा ब्रेक लावून वळणाला योग्य वेगात पोचेल, तो पुढे. म्हणजे ट्रकची शर्यत ही बऱ्याच अंशी थांबण्याचीच शर्यत असते. म्हणून ब्रेकवर एवढी मेहनत.

रस्त्यावरच्या ट्रकचा ब्रेक शर्यतीला जसाच्या तसा का चालत नाही? याची कारणं मला तीन सांगितली गेली.

पहिलं कारण ओझ्याचं. ट्रकचा ब्रेक हा भरलेल्या गाडीसाठी बनवलेला असतो. मागच्या चाकांवर माल असतो, म्हणून मागच्या ब्रेकलाही बरंच काम दिलेलं असतं. शर्यतीत माल नाही, ट्रेलर नाही. गाडीचं मागचं अंग हलकं. त्यातून जोरात ब्रेक दाबला की सगळा भार पुढे झुकतो. आपण एसटीत उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की जसे पुढे जातो, तसा. मागची चाकं जवळजवळ तरंगतात, तिथे ब्रेक जास्त लागला तर ती जागच्या जागी अडकून घसरतात आणि गाडीचं बूड फिरतं. रस्त्यावरच्या अनेक ट्रकांत मागच्या भारानुसार ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारी झडप असते. शर्यतीच्या ट्रकमध्ये पुढचा-मागचा हा हिशेब पहिल्यापासून नव्याने मांडावा लागतो. रिकामा ट्रक थांबवणं सोपं, असा माझा आजवरचा समज होता. तो तितका खरा नाही.

दुसरं कारण हवेचं. मोठ्या ट्रकचा ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतो. आपण पेडल दाबतो ते फक्त हवेला वाट करून देण्यासाठी. ती हवा नळ्यांतून चाकापर्यंत पोचायला आणि तिथे दाब तयार व्हायला थोडा वेळ लागतो. अर्धा सेकंद म्हटलं तरी १६० च्या वेगात ट्रक तेवढ्यात बावीस मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे आमच्या शाळेचे तीन वर्ग! म्हणून नळ्या आखूड ठेवायच्या, हवेच्या टाक्या नि झडपा चाकांजवळ आणायच्या, असे प्रयत्न करतात.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. उष्णता.

हे नीट समजावून घ्यायला मला बरेच दिवस लागले. ब्रेक गाडीचा वेग 'संपवतो' असं आपण म्हणतो. पण वेग असा हवेत विरत नाही. ब्रेक घासून त्या वेगाची उष्णता करतो, बस्स. ती उष्णता आधी ब्रेकच्या लोखंडात साठते आणि मग सावकाश हवेत जाते. लोखंडात शिरण्याचा वेग जास्त आणि बाहेर पडण्याचा कमी असेल, तर ब्रेक तापत जातो. ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक लोखंडी पिंप फिरतं आणि आतून ब्रेक शू त्याला दाबून घासतात. पिंप तापलं की फुगतं, म्हणजे शूपासून लांब जातं. त्याला गाठायला शू अधिक बाहेर यावा लागतो, आणि त्याची धाव ठरलेली असते. शिवाय लायनर फार तापला की त्याची पकडच कमी होते. तळव्यांना तेल लागावं तसा तो नुसता घसरत राहतो. इंग्रजीत याला फेड म्हणतात. नळी फुटलेली नसते, हवा गेलेली नसते, एकही भाग मोडलेला नसतो. ड्रायव्हर पाय दाबतो, पेडल खाली जातं, आणि गाडी ऐकत नाही. करपल्याचा वास मात्र येतो. गाडी थांबून तासाभराने थंड झाली, की तोच ब्रेक तपासणाऱ्याला ठणठणीत सापडू शकतो.

हे वाक्य पुतण्याने उच्चारलं तेव्हा आमची गाडी कुठल्यातरी स्टेशनात उभी होती. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

शर्यतवाल्यांनी यावर काय उपाय केला? एक म्हणजे ड्रमच्या जागी डिस्क, म्हणजे चकती. चकती उघड्यावर असते, तिला वारा लागतो. आणि ती तापून जाड झाली तर दोन्ही बाजूंच्या पॅडपासून लांब न जाता उलट त्यांच्याकडेच सरकते. दुसरा उपाय ऐकून मी चकित झालो. पाणी! युरोपातल्या शर्यतीच्या ट्रकवर सुमारे दोनशे लिटर पाण्याची टाकी असते. ते पाणी बारीक नळ्यांनी चाकांपर्यंत नेतात आणि ब्रेक लागला की चकत्यांवर फवारतात. पुतण्याने मोबाइलवर दाखवलं. वळणापाशी ट्रकच्या चाकांतून पांढऱ्या वाफेचे लोट उठतात, जणू जुनं कोळशाचं इंजिनच आलं.

मी लगेच विचारलं, "आणि तवा तडकत नाही?" त्याला हसू आलं. तडकतो, म्हणाला. चकती लाल झाल्यावर बदाबदा पाणी ओतलं तर नक्की तडकते. म्हणून ते तापण्याची वाट न बघता पहिल्यापासून, थोडं थोडं, मोजून मारतात. कमी पडलं तर ब्रेक करपतो, जास्त झालं तर चकतीला तडे जातात. पुढे किती, मागे किती, कधी सुरू करायचं, कधी बंद, हेच त्या तंत्राचं मर्म. अण्णाचं म्हणणं बरोबर होतं. त्याच्या डब्यातलं पाणी घाट उतरल्यावर उपयोगाचं नव्हतं, घाट उतरताना हवं होतं. पण तशी सोय त्याच्या गाडीत कुणी केली नव्हती.

मग आम्ही गणित मांडलं. (मला गणितात दहावीला काठावरचे मार्क होते, तेव्हा आकडे पुतण्याचे.) ५३०० किलोचा ट्रक १६० वरून ६० वर आणायचा, तर सुमारे ४५ लाख ज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्या उष्णतेने पावणेदोन लिटर पाण्याची पूर्ण वाफ होते. ही एका वळणाची गोष्ट. असं वळणामागून वळण, फेरीमागून फेरी, म्हणून दोनशे लिटरची टाकी.

मी म्हटलं, "आता अण्णाच्या गाडीचं काढ."

अण्णाची गाडी बारा टनी होती. खंडाळ्याच्या डोक्यावरून खोपोलीपर्यंत साडेपाचशे मीटर उंची उतरायची. बारा टन वजन तेवढं खाली आणायचं तर सुमारे साडेसहा कोटी ज्यूल. शर्यतीच्या ट्रकने वळणापूर्वी जोरदार ब्रेक मारावा, तसा चौदा वेळा मारल्याइतकं. नळाचं पाणी घेतलं तर सव्वादोनशे लिटरच्या आसपास पाणी उकळेल एवढी उष्णता. त्यातली काही इंजिन खाऊन टाकतं, गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर. काही वाऱ्यात, टायरांत जाते. उरलेली सगळी त्या लोखंडी पिंपांत. आणि हा हिशेब कागदावरच्या बारा टनांचा. त्या दिवशी गाडीत ढेपा किती जास्त भरल्या होत्या, हे अण्णाने घरात सांगितलं होतं. आम्ही तेही सबब म्हणून सोडून दिलं.

शर्यतीच्या ट्रकला तेवढ्यासाठी चकत्या आहेत, फवारे आहेत, पाण्याची टाकी आहे, पिटमध्ये हातात थर्मामीटर घेऊन उभे असलेले इंजिनिअर आहेत. माझ्या भावाला एक उजवा पाय होता.

ब्रेकचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला वारंवार दिसली. ज्यांनी ब्रेक सुधारला, त्यांनी आधी ब्रेक दगा देऊ शकतो हे मान्य केलं. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन तरुणाने १८६९ साली रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात हवेच्या दाबाने ब्रेक लागायचा. पण नळी फुटली तर? मग ब्रेकच नाही. त्याने १८७२ साली सगळी रचनाच उलटी केली. हवेचा दाब ब्रेकला मोकळं धरून ठेवेल, आणि हवा गेली की ब्रेक आपोआप लागेल. आजच्या मोठ्या ट्रकमध्ये हाच विचार स्प्रिंगच्या रूपात आहे. हवा संपली की दाबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि चाकं आवळते. हर्बर्ट फ्रूड या इंग्रजाने १८९७ च्या सुमाराला घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी टिकाऊ घर्षणाचे ठोकळे बनवायला घेतले. त्याच्या आडनावातली अक्षरं उलटसुलट करून, त्यात एक भर घालून 'फेरोडो' हे नाव तयार झालं. १९५३ साली फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार गाडी चकतीचे ब्रेक लावून उतरली आणि जिंकली. बाकीचे ब्रेक तापण्याच्या भीतीने लवकर वेग कमी करत होते, जॅग्वारवाल्यांना तशी गरज पडली नाही. त्यानंतर चकती हळूहळू साध्या मोटारींत आली. ट्रकपर्यंत यायला मात्र फार वेळ लागला. मर्सिडीजने १९९६ साली ॲक्ट्रॉस हा अवजड ट्रक सगळ्या चाकांना डिस्क लावून आणला. शर्यतीच्या मोटारीनंतर त्रेचाळीस वर्षांनी!

आपल्याच बोरघाटात रेल्वेने काय केलंय बघा. घाट उतरणाऱ्या गाड्या ब्रेक तपासण्यासाठी थांबवल्या जातात. शिवाय जागोजागी कॅच सायडिंग आहेत. गाडी सुटलीच तर तिला वळवून चढावर नेऊन थांबवणारे रूळ. मी मुलांना सहलीला नेताना ते बोट दाखवून सांगत असे. ड्रायव्हर चुकू शकतो, ब्रेक तापू शकतो, हे रेल्वेने गृहीत धरलं. त्याच डोंगरातल्या डांबरी रस्त्यावर मात्र सगळं गृहीत एकट्या ड्रायव्हरवर.

याचा अर्थ ड्रायव्हर कधीच चुकत नाहीत, असं मी म्हणत नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने कितीतरी वाहनं चिरडली, तेव्हा ब्रेक निकामी नव्हता, गाडी न्यूट्रलमध्ये होती, असं तपासणीनंतर बातम्यांत आलं. न्यूट्रल केली की इंजिनचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो, हे आता मला चित्र काढून सांगता येतं. तेव्हा न्यूट्रल करू नका, हे मी वर्गात सांगत होतो ते चूक नव्हतंच. २०१५ पासून आपल्याकडच्या नव्या अवजड ट्रकांना एबीएस सक्तीचं झालं. चाक अडकू न देणारी ही व्यवस्था चांगलीच आहे, पण तापलेला ब्रेक ती थंड करत नाही. खालचा गिअर, बेताचा माल आणि अधूनमधून विश्रांती, हा अण्णाचा धडा आजही तसाच लागू आहे.

माझी चूक वेगळी होती. अण्णाने जे तीन तपशील सांगितले होते, पेडल खाली जातंय, गाडी ऐकत नाही, वास येतोय, ते तापलेल्या ब्रेकचं पाठ्यपुस्तकातलं वर्णन होतं. सातवी पास माणसाने जसं घडलं तसं सांगितलं. बी.ए. झालेल्या माणसाने त्याला खोटं ठरवलं, कारण त्याला ब्रेक म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. इतिहासाच्या तासाला मी साधन-चिकित्सा शिकवायचो. प्रत्यक्षदर्शीची साक्ष, हितसंबंध असलेल्याची साक्ष, कुणाला किती वजन द्यायचं वगैरे. घरातल्या प्रकरणात मी मालकाची साक्ष घेतली. त्याचे त्यात पैसे अडकलेले होते, हे मला दिसलं नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर गेल्या आठवड्यात मी गावी गेलो आणि वहिनींना वाचून दाखवलं. त्या आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत, कानाला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने वाचावं लागलं. अंगणात तुळशीशेजारी तो पत्र्याचा डबा अजून आहे, त्यात त्यांनी गवती चहा लावलाय. वाफेची, पाण्याच्या टाकीची गोष्ट त्यांनी नीट ऐकली. साडेसहा कोटीचा आकडा पुन्हा वाचायला सांगितला. मग बराच वेळ गप्प बसल्या.

"हे त्यांच्यासमोर का नाही बोललात, भावोजी?" एवढंच म्हणाल्या.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०१६ साली कळलं, म्हणजे ते गेल्यावर सात वर्षांनी, असं सांगता आलं असतं. पण ते उत्तर खरं नाही. विचारायचं असतं तर १९७८ सालीही विचारता आलं असतं. गावातल्या कुठल्याही गॅरेजवाल्याने सांगितलं असतं.

तेव्हा आठवी 'ब' मधल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर बोरघाटाच्या ड्रायव्हरची ती गोष्ट वहीत खोडून टाका. त्याने लोभ केला नव्हता. त्याने पाय पूर्ण दाबला होता. ब्रेक तापला होता. आणि गाडी थांबत नाही म्हटल्यावर त्याने ती दरीऐवजी डोंगराकडे वळवली, समोरच्यांना वाचवलं. तो माझा भाऊ होता.

असो. पुढच्या वेळी काहीतरी हलकंफुलकं लिहीन. घाट उतरताना मात्र गिअर खालचा ठेवा, आणि पुढे ट्रक असेल तर मागून हॉर्न वाजवू नका. तो मुद्दाम सावकाश चाललेला असतो.